खड्डा आपला, पाय शेजारणीचा

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांची ओळख पटेल असा तपशील वगळून त्याचा सारांश देतो.

घर त्यांच्या मालकीचे असून खालच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. पाण्याला दाब नसल्यामुळे काही वर्षांपूर्वी त्यांनी दारापुढच्या बोळात, ओट्याला लागून, नळासाठी अडीच फूट खोल खड्डा करून घेतला. एरवी त्यावर शहाबादी फरशी असते. दोन महिन्यांपूर्वी पहाटे तीनच्या सुमारास पाणी आले, तेव्हा भाडेकरूच्या मुलाने फरशी सरकवून मोटार लावली आणि तो घरात निघून गेला. बोळातला दिवा आठवडाभर बंद होता. शेजारच्या, विड्या वळून संसाराला हातभार लावणाऱ्या ५८ वर्षांच्या तेलुगूभाषक अक्का घागर घेऊन आपल्या नळाकडे निघाल्या आणि त्या खड्ड्यात पडल्या. त्यांच्या उजव्या मनगटाजवळचे हाड मोडले आणि प्लेट बसवावी लागली. खासगी रुग्णालयाचे बिल ६८,००० रुपये झाले, त्यातले ३०,००० रुपये या भगिनींनी त्याच दिवशी भरले. आता अक्कांचा मुलगा तीन लाख रुपये मागतो आहे आणि न दिल्यास पोलिसांत जाईन म्हणतो. यजमान नोकरीनिमित्त पुण्यात असतात. दिरांचे म्हणणे असे की, पैसे भरले तिथेच गुन्हा कबूल झाला, आता एक रुपयाही द्यायचा नाही, अक्कांच्या दारात पाऊल टाकायचे नाही, आणि कोणी विचारलेच तर त्या स्वतःच्या ओट्यावरून पडल्या असे सांगायचे.

त्या विचारतात: ‘माणुसकी दाखवली हीच माझी चूक झाली का? आम्ही झोपेत होतो, फरशी भाडेकरूने काढली, खड्डा सरकारी बोळात आहे आणि अक्कांना तो रोज दिसतो. मग जबाबदार कोण?’

ताई, तुमचे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. त्यात दिरांचे बोलणे आहे, अक्कांच्या मुलाचे शब्द आहेत, बिलाचा आकडा आहे, परंतु त्या खड्ड्यावर आज काय आहे हे कुठेही नाही. या दोन महिन्यांत पाण्याचे दिवस अनेकदा येऊन गेले असतील आणि दर वेळी कोणीतरी ती फरशी सरकवलीच असेल. म्हणून तुमच्या प्रश्नांच्या आधी एक काम सांगतो. खड्ड्याची, फरशीची आणि दिव्याच्या खांबाची आज आहेत तशी छायाचित्रे काढून ठेवा आणि लगेच त्यावर बिजागरीचे लोखंडी जाळीचे झाकण बसवून घ्या. नळी आणि मोटारीची वायर जाण्यापुरती फट ठेवली की झाकण उघडण्याचे कारणच उरत नाही. आता झाकण बसवले तर आधी चूक होती असे सिद्ध होईल, अशी शंका दीर घेतील. तसे होत नाही. उलट एक माणूस पडल्यानंतरही खड्डा उघडा राहिला आणि दुसरे कोणी पडले, तर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हे म्हणण्याची सोय तुमच्याकडे राहणार नाही.

आता माणुसकीचा प्रश्न. जखमी शेजारणीच्या बिलात ३०,००० रुपये भरणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने जबाबदारीची कबुली नव्हे. मदत आणि कबुली या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कबुली दिली तरी आपल्याकडच्या पुरावा कायद्यानुसार ती अंतिम पुरावा ठरत नाही, ती इतर पुराव्यांसोबत तपासली जाते. रुग्णालयाच्या बाकावर बसून घाबऱ्याघाबऱ्या ‘आमच्यामुळेच झाले हो’ असे तुम्ही म्हणाला असाल, तर तेवढ्यावर न्यायालय निकाल देत नाही. मात्र यापुढे जे द्याल ते रोख आणि तोंडी देऊ नका. दिवाणी वादात, ही बाब पुरावा म्हणून वापरली जाणार नाही अशी स्पष्ट अट घालून तडजोडीचे बोलणे करता येते आणि कायदा त्या अटीला मान देतो. तेव्हा पावतीवर ‘जबाबदारीबाबतच्या कोणत्याही हक्काला बाधा न येता, मदत म्हणून’ एवढे शब्द असले की दिरांच्या भीतीतला खरा भाग संपतो. उरलेला भाग भीतीचा नसून रागाचा आहे असे मला वाटते.

आता तुमची मूळ समजूत तपासू. तुमच्या पत्रात दोनच शक्यता आहेत: एक तर आपण गुन्हेगार, नाही तर ते अक्कांचे नशीब. या दोहोंच्या मध्ये कायद्याचा एक मोठा प्रदेश आहे. त्याला अपकृत्याचा कायदा म्हणतात आणि तो आपल्याकडे एका पुस्तकात कलमवार लिहिलेला नाही, न्यायालयांच्या निर्णयांतून घडत आला आहे. त्यात शिक्षेचा विचार नसतो, तर झालेल्या नुकसानीचा भार कोणी किती उचलायचा याचा असतो. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९३२ मध्ये, स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावी जिंजर बिअरच्या बाटलीत निघालेल्या कुजलेल्या गोगलगायीच्या खटल्यात, कायद्याच्या दृष्टीने माझा शेजारी कोण, असा प्रश्न विचारला होता. माझ्या कृतीचा किंवा हयगयीचा थेट परिणाम ज्याच्यावर होईल हे मला आधी कळायला हवे, तो माझा शेजारी, असे उत्तर न्यायमूर्ती अ‍ॅटकिन यांनी दिले. ज्या खटल्यांत ही व्याख्या लागू होते त्यांतले शेजारी बहुधा एकमेकांना अनोळखी असतात. तुमच्या बाबतीत मात्र भिंतीला भिंत लागून आहे.

न्यायालय साधारण चार गोष्टी पाहते: काळजी घेण्याचे कर्तव्य होते का, वाजवी काळजी घेतली गेली का, नुकसान झाले का, आणि ते त्या हयगयीमुळेच झाले का. पायवाटेच्या कडेला खोल खड्डा, पाणी रात्री-अपरात्री येण्याची सवय, आणि पाणी आले की साऱ्या बोळाची अंधारात सुरू होणारी धावपळ, हे सर्व तुम्हाला ठाऊक होते. सोलापुरात राहणाऱ्या कोणालाही, पाणी पहाटे तीनला येईल आणि तेव्हा बायका घागरी घेऊन बाहेर पडतील हे मला सुचले नाही, असे म्हणता येणार नाही. म्हणून कर्तव्याच्या मुद्द्यावर तुमची बाजू दुबळी आहे, हे मी स्पष्टच सांगतो.

खड्डा सरकारी बोळात आहे हा मुद्दा तुम्ही बचावाचा म्हणून मांडला आहे. मला तो उलट धोक्याचा वाटतो. स्वतःच्या अंगणातल्या खड्ड्यात कोणी पडले तर त्याने आत का यावे, असा प्रश्न निदान विचारता येतो. सार्वजनिक वाटेत आपल्या सोयीसाठी खड्डा केला की चालणाऱ्याचा हक्क आधी येतो. दिल्लीतल्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे मेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये, वाहत्या रस्त्यालगतच्या बांधकामाच्या मालकावर ते सुस्थितीत ठेवण्याची विशेष जबाबदारी असते असे ठरवले. तिथे मालक दिल्ली महानगरपालिका होती. तुमच्या खड्ड्याच्या मालक तुम्ही आहात. शिवाय वाटेलगतच्या धोकादायक खड्ड्याला कुंपण किंवा झाकण घालण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली देऊ शकतात, आणि नळाला थेट मोटार जोडण्यास महापालिकेची परवानगी नसते. त्यामुळे ‘बोळ सरकारी आहे’ हे वाक्य तुम्ही स्वतःहून कोणाकडे उच्चारू नये हे बरे.

भाडेकरूच्या मुलाचे काय? तो तुमचा नोकर नाही, त्यामुळे नोकराच्या चुकीला मालक जबाबदार असतो तो नियम इथे लागत नाही. पण तुमचे कर्तव्य त्याच्यामार्फत आलेले नाही, ते तुमचे स्वतःचे आहे. सुटी फरशी दर वेळी उचलावी लागते अशी व्यवस्था तुम्ही केली आणि ती वापरायला दिली. त्याने ती उघडी टाकून निघून जाणे ही त्याची वेगळी हयगय. दोघांच्या हयगयीतून एकच इजा झाली, तर जखमी व्यक्ती पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकते आणि मग ती आपापसांत वाटून घ्यावी लागते. तेव्हा भाडेकरूला बोलण्यांत आत्ताच सामील करून घ्या, आणि तेही आरोपीसारखे उभे करून नव्हे.

अक्कांना खड्डा ठाऊक होता, हा मात्र तुमचा खरा मुद्दा आहे. त्याला सहभागी निष्काळजीपणा म्हणतात. त्याने जबाबदारी पुसली जात नाही, भरपाई त्या प्रमाणात कमी होते. परंतु अक्कांना ठाऊक होता तो फरशी घातलेला खड्डा. उघड्या खड्ड्याशेजारी कंदील नाही, बादली उलटी ठेवलेली नाही, वर दिवा बंद, अशा वेळी त्यांच्या वाट्याला किती दोष येईल? माझ्या अंदाजाने फार नाही.

पोलिसांच्या भीतीबद्दल आता बोलतो. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत आहे. दुसऱ्याच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका होईल अशा बेदरकार किंवा निष्काळजी कृतीने ती झाली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हा गुन्हा जामीनपात्र आहे आणि जखमी व्यक्तीच्या इच्छेने तडजोडीत मिटू शकणारा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात, डॉक्टरांच्या संदर्भात का होईना, फौजदारी गुन्ह्यासाठी लागणारा निष्काळजीपणा दिवाणी दाव्यातल्यापेक्षा बराच ठळक असावा लागतो, असे सांगितले आहे. तुम्ही त्या वेळी घरात झोपला होता, हे इथे तुमच्या उपयोगी पडेल. पण मुलालाही कोणीतरी सांगायला हवे की, फौजदारी खटल्यात लागणारा दंड आपोआप आईच्या हातात येत नाही. भरपाईसाठी दिवाणी दावा करावा लागतो आणि अशा इजेसाठी त्याची मुदत साधारण तीन वर्षांची आहे. म्हणजे तुमच्या दिरांना वाटते तसे, दोन-चार महिने गप्प बसल्याने प्रकरण थंड होणार नाही.

आणि ‘स्वतःच्या ओट्यावरून पडल्या असे सांगायचे’ हा सल्ला. ताई, हा पाळू नका. रुग्णालयाच्या कागदावर पडण्याचे कारण पहिल्याच तासात लिहिले जाते, त्या पहाटे अख्खा बोळ जागा होता, आणि खोटे उघडे पडले की खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास जातो.

तीन लाखांचा आकडा आला कुठून, हे तुम्ही मुलाला विचारलेले दिसत नाही. बहुधा तो कुठूनच आलेला नाही, रागाच्या भरात तोंडातून गेला आणि आता मागे घेता येत नाही. म्हणून आकड्याशी भांडू नका, हिशेबाची मागणी करा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात इजेच्या भरपाईची शीर्षके नीट मांडून दिली आहेत: उपचारांचा खर्च, बुडालेली कमाई, पुढे लागणारे उपचार, कायमचे अपंगत्व असल्यास पुढची बुडणारी कमाई, वेदना आणि जगण्यातल्या सुखाची हानी. तो खटला वाहन अपघाताचा होता, पण हिशेबाची पद्धत इथेही चालते.

इथे तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर थांबतो. तुम्ही लिहिले आहे, ‘अक्का तर घरीच असतात, त्यांची कमाई बुडण्याचा प्रश्न नाही.’ पण त्याच पत्रात त्या विड्या वळतात असेही लिहिले आहे! घरी बसून पाने कातरणे, तंबाखू भरणे, वळणे आणि दोरा बांधणे हे सारे हजार विड्यांमागे ठरलेल्या दराने मोजले जाणारे काम आहे. विडी कामगारांसाठीचा १९६६ चा स्वतंत्र कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेत सामावला जाईपर्यंत लागू होता आणि तो घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगारच मानत होता. विडी वळणे हे उजव्या मनगटाचे आणि बोटांचे काम. तुमच्या-माझ्या मनगटात प्लेट बसली तर सही थोडी वाकडी येईल, त्यांच्या मनगटात बसली तर रोजगारच बंद. अक्कांच्या पासबुकात गेल्या वर्षभराच्या नोंदी असतील, त्यावरून महिन्याची सरासरी काढता येईल. घरकामाचेही मोल न्यायालये धरतात. लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच गृहिणींच्या सेवेचे मूल्य महिना ३,००० रुपये धरले होते.

केवळ पद्धत कळावी म्हणून एक कल्पित हिशेब मांडतो. बिल ६८,०००, बाहेरची औषधे आणि रिक्षा ७,०००, महिना ६,००० धरून तीन महिन्यांची कमाई १८,०००, आणि प्लेट काढावी लागेल असे डॉक्टरांनी लिहून दिले तर त्याचे समजा २५,०००. हे झाले १,१८,०००. वेदना आणि हाल यांचे ४२,००० धरले तर एकूण १,६०,०००. अक्कांचा दोष चौथा हिस्सा मानला तर उरतात १,२०,०००. त्यातून तुम्ही दिलेले ३०,००० वजा करा आणि ९०,००० राहतात. त्यातला काही वाटा भाडेकरूचा. पण मनगट पूर्वीसारखे वळणारच नाही असे डॉक्टरांनी प्रमाणपत्र दिले, तर पुढच्या वर्षांची कमाई मोजावी लागेल आणि मग तीन लाख ही मागणी मुळीच अवाजवी वाटणार नाही. म्हणून हाड पूर्ण जुळून हात किती वळतो हे कळेपर्यंत अंतिम रक्कम ठरवण्याची घाई तुम्हीही करू नये आणि त्यांनीही. तोवर दरमहा बुडालेल्या कमाईपोटी काही रक्कम देत राहणे शक्य असेल तर ते करा. पुढचे उपचार महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतात का, हे योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे विचारा. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण त्यात आहे, आणि ही चौकशी तुम्ही स्वतः करून दिलीत तर ती पैशांइतकीच मोलाची ठरेल.

मग मार्ग कोणता? दिरांचा मार्ग, म्हणजे काहीच न देता बसणे, पुढे महागात जाईल असे मला वाटते. मुलाच्या मागणीपुढे घाबरून तीन लाख उचलून देणे हेही बरोबर नाही, कारण हक्क अक्कांचा आहे आणि मुलाने घेतलेली रक्कम त्यांच्यावर बंधनकारक ठरेलच असे नाही. मला पटणारा मार्ग जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा आहे. खटला दाखल करण्याआधीच तिथे अर्ज देऊन मध्यस्थी किंवा लोकअदालतीत प्रकरण ठेवता येते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो, म्हणजे तुम्हालाही आणि अक्कांनाही. लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते, त्यामुळे सहा महिन्यांनी नवा आकडा घेऊन कोणी दारात येत नाही. अर्ज तुम्ही केला म्हणून तुम्ही दोषी ठरत नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे.

अशाच अडचणीत असलेल्या इतर वाचकांसाठी थोडे वेगळे सांगतो, कारण अपघाताची जागा बदलली की दरवाजा आणि मुदत बदलते. खड्डा महापालिकेचा असेल किंवा बंद दिव्याबद्दल महापालिकेवर दावा करायचा असेल, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ नुसार आधी एक महिन्याची लेखी नोटीस आणि कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा, असे दुहेरी बंधन आहे. रस्त्यावरचे खड्डे आणि उघडी मॅनहोल यांच्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख आणि जखमींना ५०,००० ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला आहे. खासगी नळाच्या खड्ड्याला तो लागू नाही. वाहनाने धडक दिली असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे, तिथे १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात आली आहे आणि अर्ज आपण राहतो त्या ठिकाणीही करता येतो. पाळीव कुत्रा चावला तर मालकाच्या हयगयीसाठी न्याय संहितेत कलम २९१ आहे. आणि दुकानात किंवा पार्किंगमध्ये ‘मालक जबाबदार नाही’ अशी पाटी दिसली म्हणून परत फिरू नये, नुसत्या पाटीने कर्तव्य संपत नाही.

ताई, शेवटचे काम वकिलाचे नाही. तुम्ही मुलाशी बोललात, दिरांशी बोललात, मला चार पाने लिहिलीत, पण त्या पहाटेनंतर अक्कांशी एकदाही बोलल्याचे पत्रात नाही. दिरांनी मना केले असले तरी जा, आणि पैशांचा विषय पहिल्या भेटीत काढू नका. हात किती वळतो ते विचारा, पाण्याच्या दिवशी त्यांच्या घागरी भरून देण्याचे भाडेकरूच्या मुलाला सांगा, तो नाही म्हणणार नाही. दुसऱ्या भेटीत पासबुक आणि बिले एकत्र मांडून हिशेब लिहा आणि त्याच्या दोन प्रती करा. अक्का मराठी वाचत नसतील तर मजकूर त्यांना तेलुगूत वाचून दाखवणारे, दोन्ही घरांना मान्य असलेले एक वडीलधारे माणूस सोबत ठेवा आणि त्यांची सही साक्षीदार म्हणून घ्या. तीच प्रत प्राधिकरणाच्या अर्जाला जोडता येईल.